लोकरीचा नकार

ओइवानं माझं हस्तलिखित टेबलावर ठेवलं, टोपी गुडघ्यावर घेतली आणि विचारलं, "हा तुझा वनरक्षक बहिरा आहे का गं?"

मी कॉफी ओतत होते. "बहिरा? कशावरून?"

"ती पोरगी त्याच्या हातात हातमोजे ठेवते. आपल्याकडं मागणी घालायला आलेल्याला मुलीनं हातमोजे दिले की गड्यानं समजायचं, जमलं नाही. टोपी घालायची आणि घरी जायचं. हा जातो, आणि दुसऱ्या प्रकरणात परत उंबऱ्यावर! पुन्हा हातमोजे, पुन्हा हा हजर. मला वाटलं, पुढच्या पानावर तरी कानाच्या डॉक्टरकडं जाईल."

"त्याला चिकाटी म्हणतात, ओइवा. वाचकांना आवडते."

"चिकाटी माशांसाठी ठीक आहे. बर्फाला भोक पाडावं, गळ सोडावा, बसून राहावं. माशाला कुणी काही विचारलेलं नसतं."

त्यानं वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवला आणि शांतपणे खाल्ला. मला राग आला होता. पण पाव खाणाऱ्या ओइवावर रागावून काही उपयोग नसतो, तो दुसरा पाव घेतो.

माझ्या प्रेमकथा हेलसिंकीहून छापून येत. नायक बर्फात उभा राहायचा, त्याच्या पापण्यांवर दहिवर गोठायचं, नायिका खिडकीचा पडदा ओढायची, आणि तिसऱ्यांदा दार वाजलं की तिच्या हातातली मेणबत्ती थरथरायची. माझी संपादक रायली म्हणायची, "हिल्का, दार तीनदा वाजलंच पाहिजे. दोनदा वाजलं तर शेजारी, तीनदा वाजलं तर प्रेम." मी तीनदा वाजवत आले होते.

ओइवा पलीकडच्या तीरावर राहायचा. खाडीसारख्या आत शिरलेल्या आमच्या सरोवरावर पूर्वी तारेच्या दोरावर चालणारा तराफा होता. माणसं, गायी, पेरणीचं बी, नवऱ्या मुली, सगळं ओइवानं त्यावरून पार नेलेलं. माझ्या धक्क्याजवळ एका खांबावर पितळेची घंटा होती. ती वाजली की ओइवा पलीकडून निघायचा. मग खाली वळणावर पूल झाला, तराफा वर ओढून उपडा पडला, आणि घंटा तेवढी राहिली, कुणी काढून नेली नाही म्हणून.

माझा नवरा ताउनो गेला त्या हिवाळ्यात ओइवा ट्रॅक्टर घेऊन दारात आला होता. म्हणाला, "तुझ्या वाटेवरचा बर्फ काढू का? नको असेल तर नको म्हण, मी तसाच पुढं जाईन." मी हो म्हटलं. तेव्हापासून तो काढतो आणि मग कॉफीला बसतो. माझी हस्तलिखितं टपालात टाकायलाही तोच नेतो. एकदा पुडकं हातात धरून त्यानं विचारलं होतं, "उघडून वाचू का?" असं कुणी विचारलं की नाही म्हणता येतं, म्हणूनच नाही म्हणावंसं वाटत नाही.

तर त्यानं वनरक्षकाला बहिरा म्हटलं त्या हिवाळ्यात मी पाहिलं, त्याच्या हातमोज्यांना तळव्यात भोकं पडली होती. ट्रॅक्टरचं चाक धरून धरून लोकर विरली होती. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं हा माणूस माझी वाट मोकळी करतोय, आणि त्याचेच हात उघडे. मी लाल-पांढरी लोकर काढली आणि विणायला बसले. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या विणताना एक गाणं म्हणायच्या. ते आपोआप ओठांवर आलं:

नाही म्हणते मी तुला, हाती देते थोडी ऊब
परतीच्या वाटेवर थंडी असते रे खूप

गाणं म्हणत होते आणि विणत होते. अंगठ्याला वेगळं घर, चार बोटांना मिळून एक. शब्दांकडं माझं लक्ष नव्हतं. विणताना कुणाचं असतं?

नाताळच्या आधीच्या रविवारी ओइवा आला. ट्रॅक्टर नव्हता. पायानं रेटायची घसरगाडी घेऊन बर्फावरून सरळ आला होता. दाढी गुळगुळीत, केस पाण्यानं चापून बसवलेले, गळ्यात टाय. मला वाटलं, कुणाला तरी पोचवून आलाय.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"कोणी नाही. सगळे आहेत." तो बसेना. पाव पुढं केला तर मान हलवली. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. ओइवा आणि पावाला नाही!

"हिल्का," तो म्हणाला, "मला तुला एक विचारायचंय. बरेच दिवस झाले. आज म्हटलं, जाऊन विचारूनच टाकावं."

मला एकदम आठवलं, शरदात मी त्याची चांगली करवत मागून आणली होती आणि ती अजून माझ्याच गोठ्यात लटकत होती. हा टाय घालून करवत मागायला आला! मला इतकी लाज वाटली की मी त्याला पुढं बोलूच दिलं नाही.

"थांब, थांब. आधी हे घे." मी टोपलीतून हातमोजे काढले आणि त्याच्या दोन्ही हातांत ठेवले.

तो बघत राहिला. "हे माझ्यासाठी?"

"नाहीतर कुणासाठी? गेला आठवडा दुसरा विचार केला नाही. तू यायच्या आधी तयार व्हायलाच हवे होते."

"यायच्या आधीच," तो म्हणाला.

"मनापासून विणलेत हो. घालून तर बघ."

त्यानं घातले. अंगठे हलवून पाहिले. लाल-पांढऱ्या नक्षीवरून नजर फिरवली, एखाद्या नकाशावरून फिरवावी तशी. "नेमके बसले," तो म्हणाला. "धन्यवाद, हिल्का. छान विणलेत."

"आणि तू काय विचारत होतास?"

"ते होय? ते झालं."

त्यानं टोपी घातली. मी दारातून ओरडले, "अरे, करवत!"

"राहू दे तुझ्याकडं," तो बर्फावरून म्हणाला. घसरगाडीच्या पट्ट्यांची करकर बराच वेळ ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी रायलीचा फोन आला. तिला वनरक्षकाचं शेवटचं प्रकरण हवं होतं. "अगं, तो तिचे हातमोजे चुलीत फेकतो आणि तिला मिठीत घेतो, असं कर. आग, लोकर, मिठी. लोक रडतील." मी बरं म्हटलं आणि बोलता बोलता ओइवाची गंमत सांगितली. टाय, पाव नको, करवत, सगळं.

रायली हळूच म्हणाली, "हिल्का, तू त्याला काय दिलंस म्हणालीस?"

"हातमोजे."

"टाय घालून, विचारायचंय म्हणून उभ्या असलेल्या माणसाला तू हातमोजे दिलेस?"

मी फोन धरून उभी होते. खिडकीबाहेर माझी मोकळी वाट दिसत होती, दोन्ही बाजूंनी बर्फाची नीट भिंत.

"तूच ना गं आयुष्यभर प्रेमकथा लिहिल्यास!" रायली इतकी हसली की तिला ठसका लागला. "बरं, घाबरू नकोस. येईल परत. चांगला गडी असेल तर नक्की येईल. तू पडद्यामागं बस आणि मेणबत्ती लाव."

मी खरंच बसले. मेणबत्ती लावली नाही, पण बसले. मला त्याला हो म्हणायचं होतं, हे मला त्या खिडकीत बसूनच कळलं. तो पाव बुडवून खातो ते मला आवडत होतं. तो माझ्या वनरक्षकाला बहिरा म्हणाला तेही, राग ओसरल्यावर, आवडलंच होतं. आणि तो आता दार वाजवणार, निदान आणखी एकदा, अशी मला खात्री होती.

बर्फ पडला. ट्रॅक्टर आला. ओइवानं नेहमीसारखी वाट साफ केली, अगदी पायरीपर्यंत, आणि मी दार उघडेपर्यंत ट्रॅक्टर वळला होता. त्यानं हात वर केला. लाल-पांढरा हातमोजा. हसलाही. त्या हसण्यात रुसवा नव्हता, खिडकीकडं चोरून पाहणं नव्हतं, तो चांगल्या शेजाऱ्यासारखा हसला आणि गेला. पुन्हा बर्फ पडला, पुन्हा तसंच. हातमोजे त्यानं चुलीत टाकले नव्हते. ट्रंकेत लपवलेही नव्हते. थंडी होती म्हणून तो ते घालत होता.

आता ताउनोचं सांगते. माणूस वाईट नव्हता. पण त्याला मी नाही म्हटलं होतं. एकदा सायकलीपाशी, एकदा नाचाच्या मांडवात, एकदा आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर. तो येत राहिला. गाव म्हणायचं, काय प्रेम आहे! आई म्हणायची, इतका येतोय तर बघ की. शेवटी मी हो म्हटलं, दिवसभर बटाटे काढल्यावर माणूस बाकावर बसतो तशी. नंतर घर झालं, मुलं झाली, बरे दिवसही आले. आणि मी लिहायला लागले तेव्हा त्या दमलेल्या होकाराला मेणबत्ती दिली, थरथर दिली, पापण्यांवर दहिवर दिलं. गोड करून करून पुन्हा पुन्हा वाढला.

त्या खिडकीत बसून मला एक गोष्ट उमगली, आणि तिनं माझे डोळे भरून आले. माझं 'नाही' आजवर कुणी घरी नेलं नव्हतं. पहिल्यांदाच कुणीतरी ते पूर्ण किमतीला घेतलं होतं, त्यात खोट काढली नव्हती, उलटून पालटून आत 'हो' दडलाय का पाहिलं नव्हतं. आणि ते तर मी दिलेलंही नव्हतं! चुकून हातातून निसटलेला माझा नकार, तोही या माणसानं दोन्ही हातांत घालून मानानं नेला. मग खरा होकार दिला तर हा तो कसा जपेल? मी चुलीपाशी बसून त्याचे आभार मानले. चूल काही बोलली नाही, पण ऊब होती.

वनरक्षकाचं प्रकरण मी तसंच लिहिलं. तो हातमोजे घालतो, धन्यवाद म्हणतो, घरी जातो.

"आणि मग?" रायली फोनवर किंचाळली. "गेला? खरंच गेला? मग पुस्तक कसं पुढं जाणार?"

"आता तिनं काहीतरी करायचंय."

"काय करते ती?"

"तेच बघतेय."

"बघतेय काय? हिल्का, हे बघ, त्याच्या दारात जाऊन उभी राहा. तो हो म्हणेपर्यंत हलू नकोस. रड, कोसळ, बेशुद्ध पड. तूच लिहिलंयस की सगळं."

मी बूट घातले आणि निघाले. बर्फावरून अर्ध्या वाटेपर्यंत गेले. त्याच्या धुराड्यातून धूर सरळ वर जात होता. तिथं माझे पाय थांबले. दारात उभ्या माणसाला नाही म्हणणं किती जड असतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ओइवा मवाळ माणूस. मी गारठून उंबऱ्यावर उभी राहिले तर तो मला आत घेईल, कांबळं देईल, आणि दयेपोटी हो म्हणेल. तसला हो मी एकदा दिला होता. मला तो घ्यायचा नव्हता.

मी मागं फिरले. माझ्या धक्क्यापाशी आले. घंटेच्या जिभेला बर्फ चिकटला होता, तो नखानं खरवडला आणि दोर ओढला.

म्हाताऱ्यांच्या गाण्याचं दुसरं कडवं असं होतं:

अंगठ्याचं घर न्यारं, चार बोटं एका घरी
हाकेवाचून सुटेना तराफा गं पैलतीरी

घंटेचं हेच मला आवडायचं. ऐकू आली तर आली. न ऐकल्यासारखं करून माणूस मासे साफ करत बसू शकतो. कुणी त्याच्या दारात उभं नसतं.

एकदाच वाजवली. बरीच वाट पाहिली. मग पलीकडं दार उघडलं, काहीतरी काळं ठिपक्यासारखं हललं, आणि घसरगाडीची करकर सुरू झाली.

"तराफा बंद आहे, बाई," तो जवळ येऊन म्हणाला. "पूल झालाय. चौकशी करून यायचं."

"ओइवा, ते हातमोजे हातमोजेच होते."

त्यानं हातांकडं पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या जुन्यांना भोकं पडली होती. मला वाटलं तू करवत मागायला आलायस."

"टाय घालून?"

"मला कशी कळणार तुझी करवत मागायची रीत?"

तो इतका हसला की घसरगाडीच्या दांडीला धरून वाकला. मीही हसले. मग हसणं ओसरलं आणि दोघांच्या तोंडातून नुसती वाफ येत राहिली.

"तू काय विचारणार होतास ते मला आता विचारू नकोस," मी म्हणाले. "तुला 'नाही' मिळालंय, तुझी पाळी संपली. आता मी विचारते. इथून पुढची कॉफी आपण एकाच टेबलावर प्यायची का? रोजची. त्याला लग्न म्हण, काय म्हणायचं ते म्हण. आणि नको असेल तर नको म्हण, मी तशीच घरी जाईन."

ओइवानं लगेच हो म्हटलं नाही. माझ्या पुस्तकांतल्या कुठल्याही माणसानं म्हटलं असतं.

"हिल्का," तो सावकाश म्हणाला, "मी तुला मनातून हलवायला फार खपलोय. त्या रविवारपासून रोज थोडं थोडं. सामान बांधलं, दोऱ्या आवळल्या, माळ्यावर चढवलं. आता ते एकदम खाली कसं उतरवू? बघावं लागेल, आत काय काय फुटलंय ते. मला वेळ दे."

"दिला," मी म्हणाले.

त्यानं उजव्या हाताचा मोजा काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"हे काय? अर्धा नकार?"

"तुझ्याकडं राहू दे. हात गार पडला की मला आठवेल, उत्तर द्यायचंय."

तो गेला. मी एका हाताची ऊब घेऊन घरी आले. रायली म्हणाली, "आता रोज घंटा वाजव." मी नाही वाजवली. अवघड होतं. धक्क्यावरून जाताना दोराकडं हात जायचा, मी तो खिशात घालायची. बर्फ पडला की ट्रॅक्टर यायचा, ओइवा हात वर करायचा, एक हात लाल-पांढरा, एक उघडा आणि लालबुंद. मी खिडकीतून माझा मोजा हलवायची. तो कॉफीला थांबायचा नाही आणि मी बोलवायची नाही. रात्री झोप लागायची नाही असं म्हणणार नाही, लागायची. पण उठल्यावर पहिला विचार तोच असायचा. तो नाही म्हणाला तर? तर हा मोजा मी धुऊन, वाळवून त्याला परत देईन, म्हणजे त्याची जोडी पुरी होईल, असं मी मनाशी म्हणायची, आणि ते म्हणताना दुखायचं. तरी त्या दुखण्याला एक सरळपणा होता. कुणी कुणाला ओढत नव्हतं.

पुढं ऊन वाढलं. दुपारी छपरांवरून पाणी टपकायला लागलं, बर्फावर पातळ कवच धरलं. मी चुलीत पाव टाकत होते, आणि घंटा वाजली.

आधी वाटलं, वारा. मग पुन्हा नाही वाजली, म्हणून कळलं की माणूस आहे.

मी पीठ लागलेल्या हातावरच मोजा चढवला आणि पळाले. ओइवा खांबापाशी उभा होता. माझ्याच तीरावर, माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर, आणि तरी घंटा वाजवून थांबला होता. गळ्यात टाय.

"तराफा बंद आहे," मी धापा टाकत म्हणाले.

"माहितीय. तरी म्हटलं, विचारून बघू. घरी येऊ का?"

"करवत न्यायला?"

"नाही. ती राहू दे." त्यानं टोपी काढली, परत घातली. "एका घरात दोन करवती कशाला?"

वनरक्षकाला मी पानंच्या पानं बोलायला दिली होती, आणि इथं माझ्याकडं एक ओळ नव्हती. त्याचा उघडा हात थंडीनं फुटला होता. मी तो माझ्या पिठाच्या हातात घेतला. एक मोजा त्याच्या डाव्या हातात, एक माझ्या उजव्या, आणि मधले दोन हात उघडेच.

"सगळं उतरवलंस का माळ्यावरून?" मी विचारलं.

"उतरवलं. काही फुटलेलं नव्हतं. एक दोरी जरा जास्त आवळली होती, तिचा वळ राहिलाय. जाईल."

आम्ही वाटेनं वर निघालो. त्यानंच मोकळी केलेली वाट, दोघं शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद. पायरीपाशी आल्यावर वेलदोड्याचा वास बाहेरपर्यंत आला होता.

"धन्यवाद, ओइवा," मी म्हणाले.

"आलो म्हणून?"

"नाही. त्या रविवारी गेलास म्हणून."

त्यानं बुटांचा बर्फ पायरीवर झटकला, दाराशी थांबला, आणि मी आत बोलवीपर्यंत तिथंच उभा राहिला.